अप्पांच्या वाटचा कप

ताई, मी मुरुड सोडलं तेव्हा तू कंधारला सासरी होतीस, म्हणून ती सकाळ तू पाहिली नाहीस. अप्पा गोठ्यात धार काढत होते. बॅग खांद्याला लावून मी पाया पडलो, तर मान वर न करता म्हणाले, "दुधाचंच काम करायचं तर पुण्याला कशाला जायलास? हितं म्हशी काय कमी हायत का?" मी कॅफेत कामाला निघालो होतो, आणि कॅफे म्हणजे दूध-कॉफीचं दुकान, एवढंच त्यांना सांगितलं होतं. आई आधीच गेलेली, आता घरात ते एकटेच उरणार होते.

पुण्यात सुरुवातीला मी नुसत्या कपबश्या विसळल्या. मग कॉफीवर दुधाच्या फेसानं पानाची नक्षी काढायला शिकायचं ठरवलं आणि स्वतःचा पिचर घेतला. पिचर म्हणजे चोच असलेला स्टीलचा जग. हौसेनं मोठा घेतला, तर एका कपाचं दूध तळालाच राही, मशीनची दूध तापवायची वाफेची नळी बुडेना, नुसते बुडबुडे. मग लहान आणला. पातळ पत्र्याचा, म्हणजे दूध किती तापलं ते तळहाताला कळतं. चोच निमुळती, म्हणजे पानाची शीर बारीक उमटते. दूध ओतलं की लगेच विसळायचा, नाहीतर पापुद्रा धरतो. तारेच्या घासणीनं घासायचा नाही. चोच आपटून वाकली, की धार एका अंगाला जाते. फोनवर अप्पांना हे सगळं सांगायचो. ते म्हणायचे, "धारेची चरवीबी तसलीच की. जपावं लागतंय." एरवी आमचं फोनवरचं बोलणं 'जेवलास का' इथंच संपायचं. पिचर आल्यापासून ते लांबायला लागलं.

मग त्यांना घास उतरेना. लातूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, तू त्यांना घेऊन आलीस. एका दुपारी तू रिपोर्टसाठी दवाखान्यात थांबलीस आणि मी त्यांना रिक्षानं घेऊन गेलो. कुठं, ते तुला कधी सांगितलं नाही. कॅफेत नेलं होतं गं.

तोवर त्यांच्या नाकात नळी होती, पोटात जायचं ते तिच्यातूनच. काउंटरजवळ त्यांना बसवलं. मी कॉफी केली आणि पान असं उमटलं की तसं आधी कधी उमटलं नव्हतं. कप पुढं ठेवला. अप्पांनी तो फिरवून फिरवून बघितला.

"लई देखणं झालंय रे. मोडायचं कसं?"

मग वाकून वास घेतला. "गाईचं हाय?"

"व्हय अप्पा."

त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "माझ्या वाटचं तूच पी."

मी प्यालो. मी घोट घेतला, की त्यांच्या गळ्याची घाटी खालीवर व्हायची. शेवटच्या घोटापर्यंत ते माझ्याकडं बघत होते, आणि मी बाहेर रस्त्याकडं.

पेरणीच्या आधीच अप्पा गेले. म्हशी विकल्या, घराला कुलूप लागलं. इथं गाव विचारलं की मी अजून लातूरजवळचं मुरुडच सांगतो.

तू सणाला बोलावतेस, मी येतो. पण तुझ्याकडं येणारी बस मुरुडवरूनच जाते, ताई. कंडक्टर ओरडतो, "मुरुडवाले, चला उतरा!" लोक पिशव्या घेऊन उतरतात. शेजारचा विचारतो, "तुम्हाला कुठं?" मी म्हणतो, "पुढं," आणि बसूनच राहतो.