बरी असल्याचा कागद

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे घारबाई म्हणत. पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या एकामागून एक पुढे सरकत, मागून पांढऱ्या दिव्याचा झोत, आणि केसाएवढा तडा दिसला की हिचा हात झडप घालून ती बाटली बाजूला काढी. एकोणीस वर्षं ती त्या पट्ट्याशी उभी होती. उभीच. बसून तडे नीट दिसत नाहीत, असं कुणीतरी कधीकाळी ठरवून टाकलं होतं. ठरवणारा स्वतः खुर्चीत बसला होता, हे वेगळं सांगायला नको.

मग उजवी टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की अशी कळ यायची की घारबाई भिंत धरायची. चार पावलं चाललं की जरा बरं वाटायचं, आणि दुपारनंतर दुखणं पुन्हा डोकं वर काढायचं. नवरा गेल्यापासून घरात दोघीच, ती आणि सासू. "माझे गुडघे ऐंशीला आले तरी कुरकुरत का होईना चालतायत, आणि तुझी टाच पन्नाशीतच संपावर?" सासू म्हणायची, आणि म्हणता म्हणता तेल कोमट करून आणायची.

तेलाने काही फरक पडेना. शेवटी घारबाई कामगारांच्या दवाखान्यात गेली. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तेव्हा ती घाबरली, पण फिजिओथेरपीच्या ताईंनी तो एक्स-रे बाजूला ठेवला.

"हाडाला घाबरू नका. असं हाड कितीतरी जणांचं वाढलेलं असतं, त्यांना पत्ताही नसतो. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पडदा असतो. उभं राहून राहून तुमचा तो दुखावलाय."

पलंगावरून उतरण्याआधी चवड्याला टॉवेल अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवरून न उचलता पोटरी ताणायची. पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवायची. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही.

"दिवसभर बाटल्या, आणि घरी गेल्यावरही बाटलीच?" घारबाई म्हणाली. ताईंना हसू आवरेना.

"काही महिने चिकाटी धरा. बहुतेक जण बरे होतात. फक्त सलग उभं राहू नका."

आणि इथेच त्या भल्या बाईने भलेपणाने घोळ घातला. तिने चिठ्ठी लिहून दिली: दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बसू द्यावं. घारबाईने ती मुकादमाच्या हातात ठेवली. मुकादम माणूस वाईट नव्हता, त्याने ती साहेबांकडे नेली. साहेबांनी एवढंच वाचलं की या बाईला उभं राहता येत नाही. निरोप आला: घरी बस. महिनाअखेरपर्यंत बरी असल्याचा कागद आणलास तर जागा तुझी, नाहीतर दुसरी बाई घेऊ.

घरी बसल्यावर तिने व्यायामात कसूर केली नाही. सासू शेजारी बसून मोठ्याने आकडे मोजायची आणि सतरानंतर मुद्दाम पुन्हा पंधरा म्हणायची. तीन आठवड्यांनी एका सकाळी पहिलं पाऊल टाकलं, आणि कळ आली, पण सोसण्याजोगी. भिंत धरावी लागली नाही. घारबाई तिथेच उभी राहून रडली. पाय खरंच बरा होत होता, आणि महिना संपायला चार दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती ताईंसमोर बसली. "आता अजिबात दुखत नाही. लिहून द्या."

ताईंनी टाचेच्या आतल्या बाजूला, नेमका तिथेच, अंगठा दाबला. घारबाईने चेहरा हलू दिला नाही. मग एका पायावर उभं राहून टाच वर उचलायला सांगितलं. तिने दहा वेळा उचलली. शेवटच्या तीनला तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"अजून दोन महिने तरी हवेत," ताई हळूच म्हणाल्या. "आत्ता उभ्या राहिलात तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. तुम्हालाही कळतंय ते."

"कळतंय. घरी सासू आहे, ताई. दुसरं कुणी नाही."

ताईंनी बरी असल्याचा कागद पुढे ओढला. मग त्यांनी सही केली. खिडकीवरच्या कारकुनाने उपचाराचं कार्ड मागून घेतलं. बऱ्या झालेल्या माणसाला कार्ड ठेवता येत नाही, नियमच तसा होता.

कामाच्या पहिल्याच दिवशी, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत, टाच होती तशी ठणकायला लागली. घारबाईने सगळा भार डाव्या पायावर घेतला आणि बाटल्या बघत राहिली. मुकादम खुशीत होता. पलीकडच्या पट्ट्यावरची नवी मुलगी दोन दिवस लंगडत होती, तिला त्याने घारबाईसमोर आणून उभं केलं. "हिला विचार. व्यायामाने ठणठणीत झाली."

तो गेल्यावर मुलीने विचारलं, "खरंच जातं का हो, मावशी?"

नाही म्हणावं तर ते खोटं, आणि हो म्हणावं तर तेही खोटंच.

"जातं गं," ती म्हणाली. "दवाखान्यात जा, सांगतील ते सगळं कर. फक्त इथे कुणाला कळू देऊ नकोस. आणि चाल बघू नीट, तो वळून बघतोय."