माफीचा कागद मी लिहिला नाही

"दौत तुझी तू आणली आहेस ना?"

वकीलसाहेबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी अठ्ठावन्न वर्षांचा, ते तिशीचे. आणली आहे, असे मी म्हणालो.

"मग पायरीखाली बस. कागद वरून देतो. माझ्या दौतीत टाक बुडवायचा नाही."

कागद त्यांनी टाकला. तो फरशीवरून घसरत आला आणि माझ्या पायाशी थांबला. लिहून झाल्यावर मात्र हाच कागद ते स्वतःच्या हाताने उचलणार होते, घडी करून खिशात ठेवणार होते आणि पुढच्या तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे मांडणार होते. चांभाराने लिहिलेल्या कागदाचा विटाळ होत नाही. चांभाराने टाक बुडवलेल्या दौतीचा होतो. हा भेद कोणत्या ग्रंथात सांगितला आहे, असे मला विचारायचे होते. विचारले नाही. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून एकवीस वर्षे मी लोकांचे अर्ज, कबुलायती, खरेदीखते लिहीत आलो आहे. प्रश्न इतरांनी विचारायचे आणि मी उत्तरे सुवाच्य अक्षरात उतरवायची, हीच माझी सवय.

तिथे आम्ही एकाच घरचे चौघे होतो. एक मी. दुसरा माझा जावई. तो गिरण्यांच्या यंत्रांना चामडी पट्टे पुरवतो. ठेकेदार आहे, म्हणून आमच्याच जातीचा असूनही त्याला ओसरीच्या कडेला बारदान टाकून बसवले होते. आणि माझ्या दोन मुली. ठकू थोरली, सरू धाकटी. दोघीही त्याच्याच बायका.

हे कसे घडले ते सांगतो. ठकूला आठ वर्षे मूल झाले नाही. जावई म्हणाला, दुसरी करतो. परकी आणण्यापेक्षा सरूच द्या. मी दिली. कायद्याने त्यात गुन्हा नव्हता, आणि कायद्यात जे बसते ते योग्यच, अशी माझी त्या काळी समजूत होती. थोरलीची संमती असल्याचा कागदही मीच लिहिला. शेवटची ओळ नेहमीची: "राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबाखाली न येता लिहून दिले." ही ओळ मी इतक्या वेळा लिहिली आहे की ती लिहिताना माझे लक्षही कागदावर नसे.

त्या दिवसापासून बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत. चार वर्षे. चूल एक, रांजण एक, नवरा एक. सरूच्या तोंडून 'अक्का' हा शब्द गेला. ठकू सरूचा उल्लेख 'ती' असा करी. सरूलाही मूल झाले नाही. दोष कोणाचा, हे कोणीही हिशेबी माणूस सांगेल. पण मार मात्र दोघींना पडू लागला.

गेल्या महिन्यात सरू भर दुपारी माझ्या दारात आली. डावा हात पदरात गुंडाळलेला, चेहरा राखेसारखा. यंत्राचा दुपदरी पट्टा, त्याच्या टोकाला जोडणीचा लोखंडी आकडा. जावयाने घातलेल्या त्या पट्ट्याने कोपराखालचे हाड मोडले होते. मी तिला सरकारी दवाखान्यात नेले, डॉक्टरांचा दाखला घेतला आणि फौजदारीत फिर्याद लिहिली. हाड मोडले की ती साधी दुखापत राहत नाही. कायदा तिला जबर दुखापत म्हणतो. हे मला पाठ आहे.

जावयाने वकील दिला. त्या वकीलसाहेबांना मी चार पानांचे पत्र लिहिले. एका मारेकऱ्याची बाजू आपल्यासारख्या विद्वानाने का घ्यावी, अशी सविनय विचारणा केली. पत्र तिसऱ्या दिवशी परत आले. उत्तर नव्हते. तांबड्या शाईने माझे ऱ्हस्व-दीर्घ तेवढे दुरुस्त केले होते. चार पानांत सतरा ठिकाणी. खाली शेरा: "अभ्यास वाढवावा." मी ते पत्र जपून ठेवले आहे.

त्यानंतर निरोप आला तो समेटाचा. सात रस्त्याजवळच्या माझ्या बंगल्यावर या, फिर्यादीला घेऊन या, कागद तुम्हीच लिहा, म्हणजे बाहेर वाच्यता नको. मी गेलो. हेही कबूल केले पाहिजे. मी सरूला घेऊन त्या पायरीशी गेलो, कारण वकिलाने बोलावले की जायचे असते असे मला वाटत होते.

वकीलसाहेब सांगू लागले, मी लिहू लागलो.

"'मी, लिहून देणार सरू, घरात उंबऱ्याला अडखळून पडले. माझ्या यजमानांनी मला मारहाण केलेली नाही. फिर्याद रागाच्या भरात झाली. तरी झाले गेले विसरून मी यजमानांस राजीखुशीने माफी दिली आहे, आणि त्यांचे घरी नांदावयास जात आहे.'"

मी टाक थांबवला. "साहेब, मारलेच नाही, तर माफी कशाची?"

ते हसले. "अरे, तू लिहिणारा की न्यायाधीश? खुशी लिहायला तुझं काय जातं?"

जावई बारदानावरून म्हणाला, "मामा, लिवा की. पोरीचा संसार हाय. हात काय, जुळतोय. मोडक्या हाताची भाकरी बी मला गोड लागती."

दोघे मिळून हसले. ओसरीवरच्या माणसाने बारदानावरच्या माणसाला तेवढ्यापुरते बरोबरीचे मानले. सरू खाली पाहत होती.

मग वकीलसाहेबांनी ठकूला पुढे बोलावले. जबर दुखापतीच्या प्रकरणात फिर्यादीने माफी दिली तरी मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, म्हणून त्यांना डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवा होता. सवतीपेक्षा चांगला साक्षीदार कोण?

"सांग बाई. ही उंबऱ्यावरून पडली. तू पाहिलंस."

"सांगती की सायेब," ठकू म्हणाली. "पडली न्हाय. म्या तिचं पाय धरलं व्हतं. ह्यांनी पट्टा घातला. दोनदा हुकला. तिसऱ्यानं हाड वाजलं. तरी म्या सोडलं न्हाय."

"ठके!" जावई उठून उभा राहिला.

"वरडताय कशाला? सायबाला सांग म्हून तुमीच आणलं न्हवं? सांगितलं की."

सरूने मान वर केली. चार वर्षांत पहिल्यांदा ती बहिणीशी बोलली. "का धरलंस?"

"लई दिस मनात व्हतं, तुजं कायतरी मोडावं. अन् तुला बसला की त्या दिशी मला बसत न्हाय." ठकू म्हणाली. "माफ कर म्हनत न्हाय मी. त्या कागदावर तर नकोच."

"मी करनार बी न्हाय," सरू म्हणाली. मग ती पायरीखाली थोडी सरकली. "पर हितं बस. त्याच्याकडं जाऊ नगंस."

ठकू तिच्या शेजारी बसली. दोघींमध्ये एक वीत अंतर होते. ते तसेच राहिले.

वकीलसाहेबांचा चेहरा बदलला. "तमाशा पुरे. हे बघ, थोरलीच्या संमतीचा कागद माझ्यापाशी आहे. तुझ्याच अक्षरातला. तो कोर्टात ठेवला की काय ठरेल? राजीखुशीने झालेला संसार, आणि त्यात सवतींची भांडणं. धाकटी जाईल नांदायला. त्यापेक्षा मुकाट लिही."

मी टाक खाली ठेवला. "लिहिणार नाही."

"का?"

"राजी कोण आहे ते दाखवा. खुशी कोणाची आहे ते दाखवा. मग लिहितो."

"आणि एकवीस वर्षं कुणाची पाहून लिहीत होतास?"

सांगण्यास लाज वाटते, पण हे त्यांनी बरोबर विचारले. माझ्या आयुष्यात मला कोणी विचारलेला हा एकमेव रास्त प्रश्न, आणि तो त्या माणसाच्या तोंडून आला. मी अर्धा लिहिलेला कागद फाडला. त्यांनी मला जातीवरून जे म्हणायचे ते म्हटले. जावयाने फाटकापर्यंत शिव्या दिल्या. आम्ही तिघे बाहेर पडलो.

रस्त्यात टांगे जात होते, दुकानदार हाका मारत होते. मी सरूला म्हणालो, "पोरी, माझी चूक झाली."

ती थांबली. "अक्कानं धरलं. दाल्ल्यानं मारलं. दिलं कुनी, आबा?"

'अक्का' म्हणाली, हे मला घरी पोहोचल्यावर लक्षात आले. त्या वेळी मला फक्त शेवटचे तीन शब्द ऐकू आले.

"मला माफ कर."

"रस्त्यात काय मागताय? कोर्टात सांगा. मग बगू."

काय सांगायचे, ते तिला ठाऊक होते. मलाही होते. तो संमतीचा कागद लिहिला त्या दिवशी ठकूने मूठ आवळून धरली होती. मी, तिच्या बापाने, तिचे मनगट पकडले. बोटे एकेक करून उघडली. अंगठा शाईत दाबला आणि कागदावर दाबला. तिची आई, जी आता हयात नाही, चुलीपुढे बसून पाहत होती. सरू दाराशी उभी होती. ठकू रडली नाही. अंगठ्याची शाई तिने माझ्या धोतराला पुसली. आणि त्याखाली मी वळणदार अक्षरात लिहिले की कोणाच्याही दाबाखाली न येता.

ओसरीवरच्या माणसाने मला पायरीखाली बसवले, हा अन्याय आहे. त्याबद्दल मी मरेपर्यंत लिहीत राहणार आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी. पण माझ्या घरात ओसरी माझी होती, आणि पायरीखाली माझ्या मुली होत्या. वकीलसाहेबांनी जे माझ्याशी केले त्याचा संताप खरा असेल, तर मी जे केले त्यालाही तोच संताप लागू झाला पाहिजे. एक कायदा माझ्यासाठी आणि दुसरा माझ्या मुलींसाठी, असे मी मागू शकत नाही.

आज आठ दिवस झाले, दोघी माझ्याकडे आहेत. सरूचा हात बांधलेला आहे, म्हणून ठकू तिची वेणी घालते. घालताना दोघी बोलत नाहीत. एकदा ठकूने जोरात ओढली असावी, सरू म्हणाली, "केसं तरी ठेव." एवढेच. याला कोणी समेट म्हणू नये. मी तरी म्हणत नाही.

ठकूला मी कलम समजावून सांगितले. पाय धरल्याची कबुली दिल्यास तिच्यावरही आरोप येऊ शकतो. "येऊ द्या," ती म्हणाली. "पर तो सुटाय नगं." मी तिला थोपवले नाही. तिच्या वतीने ठरवण्याचा हक्क मी चार वर्षांपूर्वीच वापरून संपवला आहे.

माझा जबाब तयार आहे. सही त्याखाली फक्त माझी असेल. संमतीचा तो कागद खोटा आहे. अंगठा जबरीने घेतला. घेणारा मी, लिहिणारा मी. वकीलसाहेब तो कागद पुढे करण्याआधी मीच त्याबद्दल सांगेन, म्हणजे त्यांच्या हाती काहीही उरणार नाही. माझा अर्ज लिहिण्याचा परवाना जाईल. खटला होईल तोही होऊ दे. जातीचे पंच काल येऊन गेले. घरची गोष्ट घरात मिटवा, म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि नकार दिला.

सरूने माझ्याकडे अजून नीट पाहिलेले नाही. तिने पाहावे म्हणून मी हे करत नाही. जावयाला शिक्षा व्हावी म्हणून करतो, आणि माझ्या वाट्याची शिक्षा मला व्हावी म्हणून. पुकारा झाला की मी साक्षीच्या पिंजऱ्यात जाईन, शपथ घेईन आणि पहिले वाक्य माझ्याविरुद्ध बोलेन.