तळहातावरची आमटी

सकाळी मुलगी झाली. वडील दवाखान्यात आले, त्यांनी तिला पाहिलं आणि पेढे आणायला गेले. दुकानात ते खाली बसले आणि उठले नाहीत. दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं.

त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही. प्रयत्न करून पाहिला आहे. वडिलांच्या खाण्याबद्दल मात्र लिहिता येतं, आणि आमच्या घरात वडिलांबद्दल बोलायचं म्हटलं की ते खाण्याबद्दलच बोलणं होतं.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय ती स्वयंपाकाची चव बघत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मीठ डोळ्यांनी आणि चिमटीने घातलं. वडिलांना हा कारभार भरवशाचा वाटत नसे. आमटीला उकळी आली की ते पेपर खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि उजवा हात पुढे करत. आई पळीच्या टोकावरून चार थेंब त्यांच्या तळहातावर सोडी. ते फुंकर घालत, चाटत, छताकडे बघत आणि निकाल देत. निकाल दोनच होते. एक 'मीठ' आणि दुसरा 'चालंल'. 'छान' हा शब्द त्यांनी आईच्या स्वयंपाकाला कधी वापरला नाही, पण 'चालंल' म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पाहिलेलं आहे.

देवाच्या आधी तुमचाच हात पुढं, असं आई म्हणे. त्यावर वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं. उष्टं ताटाला होतं, तळहात म्हणजे काही ताट नव्हे. हा वाद माझ्या आठवणीत पूर्ण झाला नाही आणि दोघांपैकी कुणाला तो पूर्ण करायचाही नसावा.

घरात मटण शिजत नसे. ते आम्ही बाहेर खायचो, मी आणि वडील. शहागंजच्या मागच्या गल्लीत एक जुनं हॉटेल आहे. तिथे भट्टीतला हळदीच्या रंगाचा नान आणि मटणाचा लाल, तरीदार खलिया मिळतो. मी कॉलेजात गेल्यावर वडिलांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं. घरी सांगितलं, वाचनालयात जाऊन येतो. पुढे कित्येक वर्षं आम्ही रविवारी वाचनालयात जात होतो. मी खरोखरच वाचणारा असल्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं, असा आमचा समज होता. एका रविवारी वडिलांचा सदरा धुवायला टाकताना आईने तो नाकाशी नेला आणि शांतपणे विचारलं, "वाचनालयात आज फोडणी कशाची होती?" वडील म्हणाले, लवंगेची. त्यानंतर आम्ही सांगून जाऊ लागलो, पण नाव वाचनालयच राहिलं.

ते गेल्यावर हे सगळं एकदम थांबलं. बायको बाळाला घेऊन बजाजनगरला माहेरी होती. सुतक फिटलं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घरात आई आणि मी उरलो. आई स्वयंपाक करत होती. आमटीला उकळी आली की गॅस बारीक करायची आणि पळी हातात धरून जरा थांबायची. मग झाकण ठेवायची.

आमटी कधी अळणी होऊ लागली, कधी तोंडात धरवेना. मी काही बोलत नसे. सवा महिना झाल्यावर बायको मुलीला घेऊन आली आणि तीही बोलेना. आम्ही मीठदाणी पाटाखाली ठेवत होतो. आई वाढायला वळली की चिमूटभर घ्यायचो. एका दुपारी तिने पाट उचलला. मीठदाणी पाहिली, तिथेच ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात पाय टाकला नाही. आता तुम्हीच करा, एवढंच म्हणाली. स्वतःपुरती दही-भाकरी तेवढी खायची. भाकरी बायको करायची, कारण माझी भाकरी तव्यावर टाकताना तिचे तुकडे पडायचे.

अशा रीतीने मी स्वयंपाकाला लागलो. बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेत म्हणून फोनवर व्हिडिओ लावून मी डिंक तळला. तो बाहेरून फुलला आणि आतून तसाच राहिला. गुळाचा पाक पुढे गेला. लाडू वळताना हात भाजले आणि गार झाल्यावर लाडवांचे गोटे झाले. बायकोने एक दाताखाली धरला, काढून बघितला आणि विचारलं, हे खायचे आहेत की कुणाला मारायचे आहेत. मग रोज सकाळी मी खलबत्त्यात एक लाडू फोडत असे आणि ती तो चुरा दुधात घालून खात असे. खलबत्त्याच्या आवाजाने मुलगी दचकायची. थोड्या दिवसांनी त्याच आवाजाला हसायला लागली.

येसराच्या आमटीने माझे बरेच हाल केले. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं हे पीठ आमच्याकडे डबाभर असतं. आई उन्हाळ्यात करून ठेवायची. पाण्यात कालवून घालायचं पीठ मी उकळत्या फोडणीत तसंच टाकलं. आमटीत गोळ्या झाल्या. आई बाजूच्या खोलीत बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. तिला वासावरून कळलं असणार, कारण ती बाळाला म्हणाली, "तुझ्या बापानं आज आमटीत भजी सोडली बघ." त्या महिन्यांत तिच्या तोंडून निघालेली ती पहिली थट्टा होती. मी ती बायकोला दोनदा सांगितली.

बाहेर खाणंही सुरू झालं, पण आधीसारखं नाही. बायको माझ्याइतकीच खाणारी. अंगावर पाजतेस तर हे नको, ते नको, असं सांगणाऱ्यांना ती म्हणायची, मी बाळंतीण आहे, आजारी नाही. पण लहान मूल घेऊन दोघांना एका वेळी गरम जेवता येत नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एकाने जेवायचं, दुसऱ्याने बाळ घेऊन हॉटेलबाहेर चकरा मारायच्या, मग अदलाबदल. जालना रोडच्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही हौसेने गेलो, तर पोरीने पापडाचा चुरा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांच्या सूपमध्ये टाकला. वेरूळच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर तिने लिंबाची फोड तोंडात घातली, सगळा चेहरा एका जागी गोळा केला आणि पुन्हा तीच फोड मागितली. बायको म्हणाली, ही तुझ्या वडिलांवर गेली आहे. मी मान हलवली आणि बाळाला घेऊन बाहेर गेलो.

शहागंजला मात्र मी जात नव्हतो. बायकोनेच एका रविवारी विषय काढला. वाचनालय बंद पडलंय का, असं तिने विचारलं.

मुलगी तेव्हा धरून उभी राहायला लागली होती. आम्ही गेलो. गल्लीत बाबागाडी शिरेना म्हणून ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे ठेवली आणि मुलीला मी कडेवर घेतलं. हॉटेलचे मालक, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, नेहमीसारखे दाराशीच खलियाच्या मोठ्या देगेजवळ बसले होते. मला पाहून म्हणाले, "क्या साब, वालिद साब को कायकू नईं लाए?"

मी सांगितलं. त्यांनी देगेवर झाकण ठेवलं आणि ओठातल्या ओठात काही म्हटलं. मागे गिऱ्हाईक उभं होतं, ते थांबलं. मग चाचांनी झाकण काढलं, पळी बुडवली आणि मला म्हणाले, हात पुढे करा.

वडील तिथेही हात पुढे करायचे. आत जाऊन बसण्याआधी देगेजवळ थांबायचे, चाचा त्यांच्या तळहातावर तरीचे थेंब सोडायचे. मला त्याची लाज वाटायची आणि मी आधीच आत जाऊन बसायचो. आता मी हात पुढे केला. गरम होतं. मी चाटलं आणि म्हणालो, बरोबर आहे.

"वो हमेशा बोलते थे, चुटकीभर नमक कम है," चाचा म्हणाले. "मैं डालताच नईं था. पलट के पूछता, अब? तो बोलते, हां, अब हुआ."

बायको हसली, चाचा हसले, मग मीही. तेवढ्यात कडेवरून मुलीचा हात पुढे आला, उघडा, तळवा वर. चाचांनी पळी बाजूला ठेवली, गरम नानाच्या कडेचा मऊ तुकडा तोडला, फुंकर घातली आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो हातावरून चाटूनच खाल्ला.

त्या दिवसापासून ती ज्याच्या त्याच्यापुढे हात करू लागली. भाजीवालीपुढे, लस टोचायला आलेल्या नर्सपुढे, दौलताबादला सीताफळं विकणाऱ्या बाईपुढे. त्या बाईने गराचा ठिपका हातावर ठेवला, तर मुलगी छताकडे बघतात तशी वर बघू लागली. वर आभाळ होतं. तिने माझ्या वडिलांना तसं बघताना कधी पाहिलं नव्हतं. हे मी नुसतं लिहून ठेवतो, त्याचा अर्थ लावत नाही.

मला वाटलं, घरीही तसंच करून पाहावं. एका संध्याकाळी मी आईला खूप आग्रह करून आमटी करायला लावली. उकळी आली तेव्हा दारात उभा राहिलो आणि हात पुढे केला. आईने माझ्या हाताकडे पाहिलं.

"हात खाली घे," ती म्हणाली.

मी घेतला. रात्री जेवताना तिने सांगितलं, वर्षश्राद्ध झालं की ती गावाकडे जाणार. तिथे धाकट्या काकांच्या घरी एक खोली रिकामी आहे. मी म्हणालो, इथे काय कमी आहे. "कमी काय नाय. पर माझं इथं काय काम ऱ्हायलं?" ती म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. पाटाखाली मीठदाणी आम्हीच ठेवली होती.

तिथीने वर्षश्राद्ध मुलीच्या वाढदिवसाच्या आधी आलं. त्या दिवशीचा स्वयंपाक आपणच करणार, असं आईने आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटचं काम असल्यासारखं ती बोलली. येसराची आमटी, भात, कढी, वडे, खीर. सगळं वडिलांच्या आवडीचं. श्राद्धाच्या स्वयंपाकाची चव तर कुणीच बघायची नसते. पान आधी बाहेर ठेवायचं, कावळ्याने शिवायचं, मग माणसांनी जेवायचं.

भटजी बैठकीत मांडामांड करत होते. मी स्वयंपाकघराच्या दारापाशी नारळ सोलत बसलो होतो. आईने आमटीत मीठ घातलं. चिमूट परत डब्याकडे गेली, थांबली, परत आली. ती माझ्याकडे न बघता बोलली, "तेंच्या पानात खारट गेली तर?"

तिला चव बघता येणार नव्हती आणि मलाही. माझा हात तर तिने खालीच घ्यायला लावला होता.

मुलगी भिंतीला धरून धरून आली. ओट्यापाशी पोचली, आजीच्या लुगड्याला धरून उभी राहिली, आणि एक हात वर केला. तळवा उघडा.

आईने बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं. मग पळीच्या टोकावर आमटी घेतली, फुंकली, पुन्हा फुंकली, आपल्या मनगटावर टेकवून गार झाली का पाहिलं. बैठकीतून भटजींना दिसत होतं. त्यांनी खाकरून हाक मारली, काकू, पान अजून व्हायचंय.

"लेकराचं उष्टं धरत नाय," आई म्हणाली आणि थेंब मुलीच्या तळहातावर सोडले.

मुलीने हात चाटला. वर पाहिलं. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, नाक ओलं झालं. मग तिने तोच हात पुन्हा पुढे केला.

आई वळली आणि आमटीवर झाकण ठेवलं. पाठमोरीच म्हणाली, "चालंल म्हणती."

कावळ्याने वेळ लावला नाही. आम्ही जेवायला बसलो तेव्हा मी पाटाखाली पाहिलं नाही आणि बायकोनेही नाही. आमटीत मीठ जरा कमी होतं. चिमूटभर. मी कुणाला बोललो नाही. चाचांना मात्र पुढच्या रविवारी सांगितलं.

हात धुताना आईने मला विचारलं, पोरीची तारीख कधी आहे. मी सांगितली. पुढच्याच आठवड्यात होती. ती म्हणाली, "पेढे आण त्या दिवशी. मागच्या वर्साचे ऱ्हायलेत." मी विचारलं, आणि गावाकडे? ती भांडी आवरत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, येसर संपत आलाय, उन्हाळ्यात करायला लागेल, तुम्हाला काय जमणार तो.

पेढे मी त्याच दुकानातून आणले. पुडा आईने देवापुढे ठेवला, मग फोटोपुढे, मग मुलीला पेढ्याचा कण भरवला.

आता मुलगी तीन वर्षांची आहे. रविवारी आम्ही चौघं निघतो. आई गल्लीच्या तोंडाशी मिठाईवाल्याकडे इमरती खात बसते आणि आम्ही आत नान-खलिया खातो. घरी आमटी आईच करते आणि चव मुलगी बघते. तिला तिखट चालत नाही, म्हणून आमटी फिकी असते. आम्ही ती तशीच खातो.