मोर्चा सोडलेला हवालदार

बुलढाण्याचा घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की वाटेत एक गाव लागतं. सहदेव हवालदारांनी ऐन वेळी मोर्चा सोडला, असं त्या गावात अजूनही म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी किती जण मोर्च्यावर बसून आले होते, ते विचारू नये. गावाला कुणाला नाव ठेवायचं असलं की पुराव्यावाचून अडत नाही.

हवालदार पासष्टची लढाई लढून, वर्षभरानं पेन्शन घेऊन घरी आले. चहाच्या टपरीवर माणसं त्यांना घेरायची, लढाई सांगा म्हणायची. तेही रंगवून सांगायचे. तोफा, रणगाडे, पंजाबातली उसाची शेतं, सगळं सांगायचे. कालव्याची गोष्ट तेवढी टाळायचे.

त्या कालव्यावर त्यांच्या तुकडीला बसवलं होतं. गोळीबार भरपूर करा, धूळ उडवा, मुख्य हल्ला इथूनच आहे, असं वरून सांगितलं गेलं. जालन्याकडचा कारभारी नावाचा जवान त्यांच्या शेजारी तंबाखू मळत होता. त्यानं विचारलं, "हवालदारसाहेब, खरी लढाई आपलीच ना?" हवालदार म्हणाले, "हाव, आपलीच." शत्रूनं सगळी ताकद कालव्यावर लोटली आणि खरा हल्ला दूर उत्तरेला जाऊन फत्ते झाला. तुकडीतले निम्मे परतले नाहीत. कारभारीही नाही. नंतर साहेबानं पाठ थोपटली, म्हणाला, लढाई तुम्हीच जिंकून दिलीत.

डाव बरोबर होता, हे हवालदारांना कबूल होतं. आधी सांगितलं असतं तर बातमी फुटण्याची भीती होती, तेही कबूल होतं. पण खरं कळलं तर ही माणसं मोर्च्यावर थांबायची नाहीत, असं वरच्यांनी धरून चालावं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. ते दुखणं घेऊनच ते गावात राहत होते.

अशात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. पंचायत झाल्यापासून सरपंच एकच, वामनराव. गावातला सगळ्यात मोठा कापूसवाला. लोकशाही गावात आली होती खरी, पण वामनरावांच्या बैलांच्या दमणीत बसून आली होती. मतदानाच्या दिवशी त्यांचे गडी काठ्या घेऊन वाटेवर उभे राहत आणि मळ्यातले लोक घराबाहेरच पडत नसत. त्यांच्याविरुद्ध या वेळी भाजीमळेवाले हिंमतराव उभे राहिले. मनानं माणूस वाईट नव्हता. बौद्धवाड्यातल्या बाया नाल्यातला झिरा उपसून पाणी आणत. निवडून आलो तर वाड्यात पहिली विहीर, असा शब्द त्यांनी दिला होता, आणि हवालदार त्याच वाड्यातले असल्यानं त्या विहिरीसाठीच त्यांच्यामागे गेले.

हिंमतरावांच्या ओसरीवर हवालदारांनी सरकीचे दाणे मांडून डाव समजावला. बौद्धवाड्याच्या वार्डात हवालदारांचा पुतण्या जानराव उभा करायचा. तिथं रोज सभा, रोज ढोल, सगळा गाजावाजा तिथंच. वामनरावांना वाटेल, खरी लढत वाड्यात आहे. ते सगळे गडी तिकडे लावतील आणि मळ्याची वाट मोकळी राहील. मळेवाले भित्रे, पण हवालदार वर्दीचा कोट घालून पुढे चालले तर मागे निघायला तयार होते. मळ्याच्या जागा आल्या की सरपंचपद आलंच.

"झकास," हिंमतराव म्हणाले. "पन जानरावले हे सांगू नका, हवालदार. पोरगं ढिलं पडंन, अन् बात फुटंन."

हवालदारांनी मान डोलावली. डाव रचणाऱ्याला असंच वाटणार, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी ते वहिनीच्या घरी गेले. सिंधूताई त्यांच्या थोरल्या भावाची विधवा आणि जानराव तिचा एकुलता. उभं राहायचं ऐकून जानराव हरखून गेला. त्याच्या आज्यानं पंचायतीच्या ओट्याला कधी पाय लावला नव्हता. घरात दोन फेऱ्या मारून त्यानं विचारलं, "काका, खरी लढाई आपल्याच वार्डात हाय ना?"

हवालदार बशीतून चहा पीत होते. एकदा हाव म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा जीभ वळेना. त्यांनी बशी खाली ठेवली आणि कालव्यापासून सरकीच्या दाण्यांपर्यंत सगळं सांगितलं. फक्त कारभारीचं नाव घेतलं नाही आणि त्याला काय उत्तर दिलं तेही सांगितलं नाही.

जानराव रागानं अंगणात जाऊन उभा राहिला. सिंधूताई मात्र तिथंच बसून राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमाले तवा आधी सांगतलं असतं, त तुमी थांबले असते का?"

हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. "थांबलो असतो, वैनी."

"मंग आमीबी थांबू. काठ्या येवो का वामनरावच्या शेतातलं काम बंद होवो. पन त्या हिंमतरावले म्हना, मतं पडेपर्यंत तुमीबी आमच्या ओट्यावर बसा. आमिष आमी, त धनी आमच्याजवळ पाह्यजे."

आईचं ऐकून जानरावही तयार झाला. डाव सांगून टाकला आणि वर ही अट, म्हणून हिंमतराव आधी चिडले. मग हवालदारांनी समजावलं की, तुम्ही वाड्यात बसलात तर वामनरावांची खात्रीच पटेल, डाव आणखी पक्का होईल. हिंमतरावांनी विचार केला आणि सिंधूताईच्या दारात येऊन शब्द दिला, "सकाळपासून बसतो."

मतदानाच्या सकाळी सिंधूताईनं ओटा सारवून ठेवला होता. हिंमतरावांकडून गादी आली, लोड आला, आणि निरोप आला की मालक दुपारून येतात. डाव मात्र अक्षर न् अक्षर खरा ठरला. वामनरावांचे सगळे गडी वाड्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, मळ्याची वाट ओस पडली. आता हवालदारांनी वाड्यातून उठायचं आणि मळ्यात जायचं, एवढंच बाकी होतं. कोट त्यांच्या अंगावर होता.

हिंमतरावांचा मेहुणा रंगराव बोलवायला आला. "चला ना, हवालदार. मळेवाले वाट पाहून राह्यले."

"हिंमतराव कुठं हायेत?"

रंगरावानं मान खाली घातली. "दिवसभर इथं बसलेले दिसले, त मळ्यातले भाऊबंद बिथरतीन म्हनतात. तुमी समजून घ्या."

हवालदार समजले. गादीकडे पाहून त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. सिंधूताईला ते दिसलं. "जा भाऊजी," ती म्हणाली. "तुमचं काम तिकडं हाय. आमी पाहून घेतो."

तिनं मोकळं केलं होतं, जायला हरकत नव्हती. विहीर मळ्याच्या वाटेनंच येणार होती, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी ते गादी बाजूला सारून उघड्या ओट्यावर बसले. "हिंमतरावले म्हना," ते रंगरावाला म्हणाले, "इथं येऊन बसा, मी निघतो."

रंगराव आणखी एकदा येऊन गेला. हिंमतराव आले नाहीत.

वाड्यात काय येणार ते आधीच सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी दचकलं नाही. बाया पुढे झाल्या, म्हाताऱ्यांना मधे घेतलं आणि काठ्यांसमोरून चालत जाऊन मतं टाकून आल्या. कोटातला हवालदार ओट्यावरून पाहतो आहे म्हटल्यावर गड्यांच्या काठ्या खांद्यावरच राहिल्या. जानराव निवडून आला. मळेवाले मात्र दारात उभे राहून वाट पाहत राहिले, हिंमतरावांचं पॅनल पडलं, आणि वामनराव पुन्हा सरपंच झाले. त्या हंगामात वाड्यातल्या कुणालाच वामनरावांच्या शेतात कापूस वेचायला बोलावणं आलं नाही. बाया पार मोताळ्यापलीकडे वेचणीला जाऊ लागल्या.

हवालदारानं मोर्चा सोडला, हे पहिल्यांदा हिंमतरावच म्हणाले. मग सगळा गाव म्हणू लागला. हवालदारांनी कुणाला उत्तर दिलं नाही. कारण डोक्यावर हंडा घेतलेल्या बाया झिऱ्याकडून येताना दिसल्या की ते स्वतःलाच विचारत, आपण खरंच चुकलो का? दर उन्हाळ्यात विचारत.

जानराव पंचायतीत एकटाच पडला होता. दर बैठकीत तो विहिरीचं काढायचा आणि बाकीचे हसायचे. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला, सरकारी कामं निघाली, तेव्हा त्याच्याच हट्टापायी वाड्यात विहीर खणली गेली. खडक फोडताना सगळा वाडा राबला. पाणी लागलं त्या दिवशी सिंधूताईनं पहिला तांब्या हवालदारांपुढे धरला.

त्यांनी तो घेतला, पण प्याले नाहीत. "वैनी, मी मळ्यात गेलो असतो त हे पानी पाच-सा वर्सं आधी लागलं असतं."

"हाव, लागलं असतं," ती म्हणाली. तिनं त्यांची समजूत काढली नाही, आणि त्यांना त्याचं बरं वाटलं. "मी जा म्हनलं होतं. तुमी काऊन नाई गेले?"

हवालदार गढूळ पाण्याचा तांब्या घेऊन दगडावर टेकले. "कालव्यावर कारभारी नावाचा पोरगा होता," ते म्हणाले. "खरी लढाई आपलीच ना, असं त्यानं मले इचारलं होतं, अन् मी हाव म्हनलं होतं."

सिंधूताई त्यांच्याशेजारी बसली. "तुमाले तरी कुठं माईत होतं, भाऊजी? तुमाले कोनी सांगतलंच नव्हतं."

"हाव," हवालदार म्हणाले. "पन ओट्यावर बसलो, तवा मले माईत होतं. तरी थांबलो."

मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला.