झाकणांची खरखर

आयर्लंडमधल्या मलिंगारला मी वैद्यकीय उपकरणांच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दोष शोधायचा, नोंदवायचा, काढून टाकायचा. पुढे जे केलं ते या सवयीनं केलं, असं मी बराच काळ स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

माझा मित्र झिंबाब्वेचा, इथल्या हॉस्पिटलात केअर असिस्टंट. आमच्या मुली एका वर्गात, तिथली ओळख. त्याचा छोटासा बँड होता. गावाकडचं एम्बीरा, म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी छेडायच्या. जोडीला लेसोथोच्या धाटणीचं अ‍ॅकॉर्डियन, आणि खाली जोहान्सबर्गच्या क्लबांतला तो संथ, पोटात घुमणारा बेस. कुणी याला 'आफ्रिकन म्युझिक' म्हटलं की तो म्हणायचा, "हो, आणि तू युरोपियन चहा पितोस."

माझ्या बॉक्स रूममध्ये रेकॉर्डिंगचं सामान आहे. एकदा तो आला तेव्हा मी तानपुरा लावत होतो, तारेखाली सुती धागा सरकवत, जवारी मोकळी होईपर्यंत. तो दारातच थांबला. मग फोनवर वडिलांच्या वाद्याचा फोटो दाखवला. वाद्य ठेवायचा मोठा पोकळ भोपळा, आणि त्याच्या कडेनं ओवलेली बाटल्यांची झाकणं.

"आमची खरखर," तो म्हणाला. "तुम्ही दोऱ्यानं करता, आम्ही बिअरच्या झाकणांनी."

पुढच्याच आठवड्यात त्यानं मला एक मेमरी कार्ड आणून दिलं. त्यात वडील वाजवत होते. धाकट्या भावानं रेकॉर्डर उसना आणून गावात केलेलं रेकॉर्डिंग. एवढी मोठी फाइल तिकडून पाठवता येईना, म्हणून इकडे येणाऱ्या कुणाच्या हाती कार्डच दिलं होतं. ते वापरून काउंटीच्या उन्हाळी कार्यक्रमासाठी नवं गाणं करायचं होतं.

"खरखर तेवढी ठेव हं," जाताना तो म्हणाला.

मी ठेवली नाही. पट्ट्यांचे सूर अ‍ॅकॉर्डियनशी जुळत नव्हते, ते ओढून जुळवले. झाकणांचा आवाज बेसवर चिखलासारखा पसरत होता, तो गाळला. नाहीतर इथल्या लोकांना वाटेल, याला रेकॉर्डिंग कळत नाही. याला म्हणजे मला. एवढंच होतं ते. कारखान्यात मूळ नोंदीवर खाडाखोड केली म्हणून मी एकाला लेखी समज दिली होती. घरी मी कार्डातल्या मूळ फाइलवरच काम केलं आणि सेव्ह केलं.

कार्यक्रमात लोक नाचले. एक बाई मला येऊन म्हणाल्या, "ग्रँड. किती स्वच्छ." मी फुललो. मित्र इतकंच म्हणाला, "बाबा जरा लांब बसल्यासारखे वाटतात."

त्या हिवाळ्यात त्याचे वडील गेले. वर्षाच्या विधीला एम्बीरा लागतं, आणि घरात वाजवणारं कुणी उरलं नव्हतं. भाऊ म्हणाला, बाबांचंच लावू. मित्र माझ्याकडून कार्ड घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. मी प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, चहाचे कप काढत होतो.

"यात झाकणं नाहीत," तो म्हणाला. "त्यांच्याशिवाय आमची गेलेली माणसं येत नाहीत. ओळखायचं कशावरून त्यांनी?"

"आलं तसंच होतं," मी म्हणालो. मग कुणी न विचारता पुढे, "रेकॉर्डरात नॉइज फिल्टर चालू राहिला असेल. बटण बंद करायला विसरला असेल तुझा भाऊ. होतं असं."

त्यानं तिथूनच भावाला फोन लावला. मला त्यांची भाषा येत नाही. पलीकडचा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, एवढं कळलं.

"एक काम सांगितलं होतं त्याला," फोन ठेवून मित्र मला म्हणाला. "एक."

विधीला परगावचा वाजवणारा आणावा लागला. दोघा भावांचं बोलणं तुटलं. मी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "उद्याच्या उद्या जाऊन सांग त्याला." मी हो म्हणालो. त्याला तीन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात सांगितलं. शाळेबाहेर, त्याच्या गाडीत, मुली यायच्या आधी. सूर ओढले, झाकणं गाळली, वरून सेव्ह केलं, तुझ्या भावावर ढकललं. तो ओरडेल अशी मी तयारी केली होती. त्यानं वायपर बंद केले.

"त्या दिवशी तू दोरा घालत होतास," तो म्हणाला. "म्हणून तुला दिलं. नाहीतर डब्लिनला स्टुडिओवाले कमी आहेत का?"

त्यानं माझा फोन मागून घेतला.

"भावाला तू सांगायचंस. मी नाही."

नंबर त्यानं माझ्याच फोनमध्ये टाइप केला. माझी मुलगी काच ठोकत होती, "बाबा, आर वी गोइंग ऑर व्हॉट?"

घरी येऊन फोन केला. भावानं सगळं ऐकून घेतलं. "मी बटण दोनदा तपासलं होतं," तो सावकाश इंग्रजीत म्हणाला. "त्याला सांगत होतो. दोनदा." आणि फोन ठेवला.

दोघं आता बोलतात, असं मुलीकडून कळतं. माझ्याशी त्यांच्यापैकी कुणी नाही.