निस्ती हवा मारली

माझ्या तोंडातून आजपर्यंत सगळ्यांचे आवाज निघाले. परळी स्टेशनवरच्या अनाऊन्समेंटवाल्या बाई, कारखान्याचा भोंगा, गणिताचे सर, लग्नात रुसलेला जावई — सगळे. पण ही एक गोष्ट कधी निघाली न्हाई. आईपुढं न्हाई, दोस्तापुढं न्हाई, ताप चढून बडबडलो तरी न्हाई — मी नंतर आईला विचारून खात्री करून घेतलीया. तुमाला सांगतोय, कारण तुमी मला वळखत न्हाई. न्हाई ना वळखत? मोंढ्याकडचे, आमच्या बाजारातले तर न्हाई ना तुमी?

बगा. सुरू झाली माझी शंका. ही शंका आता माझ्यासोबतच जेवती.

गल्लीत मला टेप म्हणतात. बारावी कशीबशी काढली आणि शब्बीरचाचांच्या फोटो स्टुडिओत लागलो — लग्नाच्या शूटिंगची काटछाट करायची, गाणी टाकायची, नवरीवर गुलाब फिरवायचे. समोर रस्त्यापलीकडं महादूमामाचं पंक्चरचं दुकान. मामा आधी ऊसतोडीला जायचा, मग एका साली मोळी उचलताना पाठ गेली, तवापासून कंप्रेसर टाकून बसला. माझा सख्खा मामा न्हाई बरं का, सगळ्या गल्लीचा मामा. चाचांचा सकाळचा चहा मामाच्या दुकानात, टायरवर बसून. ईदला शिरखुर्मा इकडून तिकडं, होळीला पुरणपोळी तिकडून इकडं. दोघं एकमेकाला नावानं हाक मारायचे — "शब्बीर" आणि "म्हाद्या". बाकी कुणाची हिंमत नव्हती.

आता एक आमच्या गावची गंमत सांगतो. परळीत राख असती, थर्मलच्या चिमणीची. दोरीवरच्या शर्टावर, चहाच्या सायीवर, कॉम्प्युटरच्या पोटात — सगळीकडं. म्हणून आमच्याकडं कॉम्प्युटर कुरकुरला की पहिला इलाज एकच : डबा उचलायचा, पंक्चरवाल्याकडं न्यायचा आणि टायरच्या हवेनं फुंकून घ्यायचा. बाहेरचा माणूस हसतो. हसू द्या. मामा स्टुडिओचा, झेरॉक्सवाल्याचा, ऑनलाईन फॉर्मवाल्याचा, सगळ्यांचा डबा फुंकायचा. शुक्रवारी चाचा नमाजला गेले की मामा स्वतः येऊन आमचा डबा काखेत घेऊन जायचा, लेकराला न्हाऊ घालायला नेल्यासारखा.

आणि मला — मला लई खाज होती.

मोबाईलवर एक व्हिडिओ बघितलता. सांगणारा छातीठोक सांगत होता, तुमची हार्डडिस्क जुन्या मोडवर बोलती, तिला नव्या मोडवर टाका, मशीन घोड्यासारखं पळंल. ही सेटिंग विंडोजमध्ये नसती. बटण दाबल्या दाबल्या एक की हाणायची, मग निळा पडदा येतो, त्यात असती. चाचांचा एकच कायदा होता दुकानात, "बेटा, वो नीले परदे में हात नक्को डालो." बाकी कशाला पण हात लावायची मुभा. त्यालाच न्हाई.

मग मी कशाला हात लावला असंल?

गुरुवारी दुकान बंद करताना. चाचा बाहेर कुलूप शोधत होते. मी पडद्यात शिरलो, ती ओळ सापडली, जुना मोड काढला, नवा टाकला, सेव्ह केलं — तेवढ्यात "चल बे टेप, शटर वडू" म्हणून चाचांची हाक आली. मी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. विंडोज उघडतंय का, हे बघितलंच न्हाई. उद्या घोड्यावर बसून चाचांना दाखवू, असं मनात.

शुक्रवारी दुकान नमाजच्या तोंडावरच उघडायचं; मशीन चालू करायच्या आधीच मामानं डबा नेला, फुंकला, आणून जागेवर ठेवला. वायरी मी जोडल्या. चाचा नमाजहून आले, बटण दाबलं. विंडोजचं चित्र आलं, निळा पडदा डोळा मारून गेला — हा तो सेटिंगवाला न्हाई, मराय लागल्यावरचा — आणि मशीन बंद. परत आपोआप चालू. चित्र, निळा डोळा, बंद. परत. परत.

आत धर्मापुरीच्या एका लग्नाचं सगळं शूटिंग. दुसरीकडं कुठं कॉपी न्हाई. नवरीचा भाऊ पेनड्राईव्ह घेऊन स्टुलावर बसलेला, झेरॉक्सवाला काय झालं बघाय आलेला. तो म्हणला, "चाचा, आता काय लग्न परत लावायचं का आमी? नवरदेव तयार व्हईल, बहीण न्हाई व्हायची."

कुणी हसलं न्हाई. चाचांच्या कपाळावर घाम आलता. म्हणले, "किसने हात लगाया इसको?"

मी एवढंच केलं — मामाकडं बघितलं. नुसतं बघायला कितीसा वेळ लागतो? मी बघितलं म्हणून नवरीच्या भावानं बघितलं, झेरॉक्सवाल्यानं बघितलं, शेवटी चाचांनी बघितलं.

मामा गुडघ्याला हात पुसत दारात उभा होता. म्हणला, "म्या निस्ती हवा मारली, शब्बीर. निस्ती हवा. दुसरं काई क्येलं न्हाई."

सरळ म्हणला. मला वाटतंय, सरळच म्हणला.

त्यानंतर सगळे गप्प. आणि मला गप्प सहन होत न्हाई, लहानपणापासून न्हाई होत. मी काय केलं — मामाचा आवाज काढला. गुडघ्याला हात पुसले, डोळे इकडून तिकडं फिरवले आणि म्हणलं, "म्या निस्ती — हिक् — हवा मारली, शब्बीर."

तो मधला हिक् मामाचा नव्हता. तो मी घातला. नकलेत असं करावं लागतं, माणूस हाय तसा काढला तर कुणी हसत न्हाई, त्याच्यावर आपलं एक काहीतरी चढवावं लागतं. मी मामाच्या गळ्यावर चोराचा आवंढा चढवला.

आधी नवरीचा भाऊ हसला. मग झेरॉक्सवाला. मग चाचा — घामेजलेले चाचा पण. शेवटी मामा पण हसला. चारचौघात आपल्यावर हसतात तवा माणूस हसतो ना, तसा.

आता तुमी म्हणाल, पोरगं होतं, घाबरलं, त्याला पण ठाऊक नसंल चूक कुणाची. पहिले थोडा वेळ खरंच ठाऊक नव्हतं. हवेमुळं की माझ्यामुळं? ती शंका मला लई गोड वाटली. पण मी दुकानामागं जाऊन मोबाईलवर शोधलं आणि चहा थंड व्हायच्या आत सापडलं. लिहिलेलंच होतं. विंडोजला आधी न सांगता मोड बदलला, तर सुरू होताना त्याला स्वतःचीच डिस्क दिसत न्हाई. दिसत न्हाई म्हणून ते पडतं, उठतं, परत पडतं. इलाज पण लिहिलेला — मोड होता तसा परत करा, मशीन उघडंल. मग आत जाऊन नव्या मोडचा ड्रायव्हर सुरू करून ठेवा, आणि मगच मोड बदला. आधी सांगा, मग बदला. एवढंच.

मी मोबाईल खिशात घातला आणि पुढं येऊन बसलो.

बोललो असतो तर काय झालं असतं? लई विचार केलाय यावर. चाचांनी एक ठेवून दिली असती. मामा म्हणला असता, "आरं येड्या." नवरीच्या भावानं शिव्या घातल्या असत्या, मग पेनड्राईव्ह भरून घेऊन गेला असता. संध्याकाळी सगळ्यांनी भजी खाल्ली असती. भ्यावं असं काही नव्हतंच. मग कावून न्हाई बोललो?

कारण सगळे हसले होते. खरं सांगितलं असतं तर ते हसणं वळून माझ्याकडं आलं असतं. मी सगळ्यांना हसायचो, माझ्यावर कुणी हसलेलं मला चालायचं न्हाई. हे एवढं बारकं कारण हाय. यापेक्षा मोठं असावं असं मला पण वाटायचं.

दुसऱ्या दिवशी चाचा चाचीला दाखवायला अंबाजोगाईला दवाखान्यात गेलते. दुकानात मी एकटा. निळ्या पडद्यात गेलो, मोड जुना केला — उघडलं. शूटिंग जसंच्या तसं. मग लिहिलेलं होतं तसं नीट, क्रमानं करून नवा मोड पण टाकला. आणि खरंच सांगतो, पळाय लागलं. घोड्यासारखं.

चाचा आले, बघितलं, मला मिठी मारली. मग विचारलं, "हुआ क्या था रे?"

हितं थांबून सांगतो, कारण आतापर्यंत मी फक्त गप्प होतो. खोटं बोललो न्हवतो. हितं बोललो.

"आत ओल गेलती, चाचा. कंप्रेसरच्या हवेत पाणी असतंय. वाळलं, झालं चालू."

आवाज पण लावला — अंबाजोगाईच्या डॉक्टरांचा, खालच्या पट्टीतला, चष्म्यावरून बघणारा. डॉक्टरवर कोण शंका घेणार?

दोनचार दिवस नुसतं पाणी होतं. मग चाचांचं सुरू झालं, "इतने साल में पानी नहीं गया, अबीच कैसे गया?" नवरीचा भाऊ पेनड्राईव्ह न्यायला आला तवा आपसूक बोलून गेला, "त्या मामाच्या भाच्यानं अंबाजोगाईत स्टुडिओ टाकलाय म्हणं." म्हणजे मामानं मुद्दाम बिघडवलं, असा रोख. हे मी न्हाई बोललो. शपथेवर सांगतो, मी न्हाई बोललो. पण तो गेल्यावर चाचांनी मला विचारलं, "तेरे को क्या लगता, टेप?" — तवा मी जिभेनं नुसतं च् केलं आणि खांदे उडवले. नक्कल करणाऱ्याचे खांदे असतात ते. लई बोलतात.

चाचा चहाला जायचे थांबले. मग दारात जुना फ्लेक्स टांगला, ऊन येतंय म्हणून. आमच्या दारात ऊन येतच न्हाई. त्या वर्षी शिरखुर्मा गेला न्हाई. होळीला पोळी आली — चाचांनी घेतली, पण खाल्लेली मी बघितली न्हाई. झेरॉक्सवाल्यानं डबा न्यायचा बंद केला, फॉर्मवाल्यानं पण. दुरुस्तीला आता मला बोलवाय लागले. माझं नाव झालं. आज माझं स्वतःचं दुकान हाय, पाटी हाय. त्या पाटीखालनं जाताना मी वर बघत न्हाई.

आणि ते वाक्य? ते गावात सुटलं. हॉटेलात ग्लास फुटला की पोरगं म्हणणार, "म्या निस्ती — हिक् — हवा मारली." क्रिकेटमध्ये कॅच सुटला, तेच. मामाच्या दुकानापुढनं सायकली पळवत बारकी पोरं ओरडून जाणार. मामा खरंच काय म्हणला होता, हे कुणी ऐकायचं राहूनच गेलं. त्याची बाजू त्याच्या तोंडात यायच्या आधीच लोकांना हसू यायचं.

चाचा स्टुडिओ बंद करून पोराकडं पुण्याला गेले. टेम्पो भरायला मी होतो. चाचा दारात उभे राहून पलीकडं बघत होते. मामा पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. लई वेळ शोधत होता, एवढा वेळ कुणाला लागत न्हाई. मी मधी उभा, हातात कूलर. रस्ता असा किती रुंद असतो? एक वाक्य पुरलं असतं. मी टेम्पोवाल्याची नक्कल केली. चाचा हसले, बसले, गेले.

तवापासून मी मामाची तपासणी करतोय. हवा भरताना तो माझ्याकडं बघत न्हाई, व्हॉल्व्हकडं बघतो — का? एकदा म्हणला, "तू हुशार हाईस बाबा." म्हणजे काय? त्याला ठाऊक हाय का? झेरॉक्सवाल्याला ठाऊक हाय का? तो मला बघून शटर अर्धंच का वडतो? काही नसंल त्यात. पण ज्यानं दुसऱ्यावर शंका पेरली, त्याच्या रानात दुसरं काय उगवणार?

परवा माझ्या गाडीचं चाक बसलं. गेलो मामाकडं. तिथं कॉलेजचं एक पोरगं भांडत होतं, "मामा, कालच तर तुमी काढलतं पंक्चर, परत कसं काय बसलं?"

मामा उठला. गुडघ्याला हात पुसले. डोळे इकडून तिकडं फिरवले. आणि म्हणला, "म्या निस्ती — हिक् — हवा मारली."

माझाच हिक्. माझेच डोळे. पोरगं पोट धरून हसलं, भांडण मिटलं. मामानं माझ्याकडं बघितलं, उस्तादाकडं बघावं तसं.

"बराबर जमलं का रं, टेप?"

"बराबर," मी म्हणलं.

घरी आलो, दार लावलं, आणि मामाचा त्या शुक्रवारचा आवाज काढाय बघितला. त्याचा खरा आवाज सरळ होता. हिक् नव्हता. सगळ्यांचे आवाज येतात मला — चाचांचा येतो, नवरीच्या भावाचा येतो, माझा त्या दिवशीचा डॉक्टरचा पण येतो. मामाचा येत न्हाई. जो येतो तो माझाच केलेला.

हवेत पाणी नव्हतं. मोड मी बदललता.