काकांचा स्वीच आणि अकराची मुलाखत

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता सुटलो. तसं काही झालं नाही. मुकुंदवाडीच्या घरात त्यांनी जिन्याखाली लोखंडी पेटी ठोकली, जुन्या बाजारातून एक स्वीच, म्हणजे नेटच्या वायरी एकमेकींना जोडणारा डबा, आणून तिच्यात बसवला आणि घरातल्या इंटरनेटच्या सगळ्या वायरी तिथून फिरवल्या. वायफायला बंदी. हवेवर त्यांचा भरोसा नव्हता.

त्या स्वीचमध्ये प्रत्येक वायरीचा वेग आणि बोलण्याची रीत ठरवता येते. हाफ म्हणजे एकानं बोलायचं, दुसऱ्यानं थांबायचं. फुल म्हणजे दोघांनीही एकदम बोलायचं, आमच्याकडे जेवताना चालतं तसं. 'ऑटो'वर ठेवलं तर दोन्ही टोकं एकमेकांना विचारून ठरवतात. काकांना हा ऑटो म्हणजे शुद्ध कामचुकारपणा वाटायचा. त्यांनी सगळ्या वायरी हातानं 'शंभर, फुल' केल्या, म्हणजे वेग शंभर आणि रीत फुल, आणि पेटीला कुलूप घातलं.

त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या चुलत बहिणीची, पुण्याच्या एका कंपनीसाठी शेवटची मुलाखत होती, घरच्याच संगणकावरून, सकाळी अकराला. काकांच्या कुलपांतून बाहेर पडायला तिच्याकडे ही एवढी एकच वाट होती आणि हे ती लपवतही नव्हती. सकाळी तिनं मैत्रिणीबरोबर सराव करून पाहिला. एकटी बोलली की ठीक. मैत्रीण मध्ये बोलली की दोघींची चित्रं थिजायची. मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर, भर उन्हात. तिनं मला बोलावलं, कारण मी एका कारखान्यात नेटच्या वायरींची हीच हमाली करतो.

"लाइनीत फॉल्ट नाय," काकांनी दारातच सुनावलं. "पिंग करून बघ. एकदम साफ हाय."

पिंग खरंच साफ होता. पण पिंग म्हणजे नुसतं "आहेस का?" आणि "आहे". एवढं तर अबोला धरलेल्या घरातही चालतं. मी संगणकाचं टोक तपासलं. ते ऑटोवर होतं आणि हाफ धरून बसलं होतं.

"काका, तुम्ही हातानं फुल ठरवलं की तुमचा स्वीच समोरच्याला काही सांगतच नाही. त्याला वेग तेवढा ओळखता येतो. बाकीचं कळत नाही म्हणून ते बिचारं हाफ धरून वाट बघत बसतं, आणि तुमचा स्वीच मध्येच बोलत सुटतो."

"मग चूक त्याची हाय. माझं सेटिंग बरोबर हाय."

बहीण मागं उभी होती. "बरोबरच हाय," ती म्हणाली. "तुम्ही ठरवायचं आन् आम्ही ओळखायचं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. पेटी उघडा म्हणावं तर अकरा तिथंच वाजले असते. मी संगणकाचं टोकही हातानं 'शंभर, फुल' केलं. मुलाखत सुरू झाली. काका पेटीसमोर खुर्ची टाकून आतले दिवे बघत बसले. खोलीतून तिचं आणि समोरच्यांचं बोलणं एकमेकांवर चढत होतं, पण कुठं अडकत नव्हतं.

नोकरी मिळाली. त्या रात्री जेवताना काका म्हणाले, "शनिवारी निघायचं. पुण्यात माझ्या दोस्ताच्या घरी खोली बघून ठेवलीय."

ती जेवायची थांबली. काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात राहिला.

"शनिवारी जमंल का तुला?" त्यांनी विचारलं.

"रविवारी," ती म्हणाली. "आन् खोली मी बघते."

"बरं," काका म्हणाले आणि तुकडा तोंडात घातला.